बोललेल्या शब्दावर मोहोर हवी

प्रिय डेव्हलपर मंडळी,

आपल्या ऑनलाइन खेळाच्या पुढच्या मोठ्या अपडेटमध्ये काय हवं, असं तुम्ही सगळ्या खेळाडूंना विचारलंत. नवे नकाशे, नवी शस्त्रं, उडणारे घोडे अशा मागण्यांचा ढीग एव्हाना तुमच्यापुढे लागला असेल. माझी मागणी त्या मानाने रुक्ष आहे. मला एक कागद हवाय. खेळात झालेलं संभाषण त्यावर उतरेल, सर्व्हर त्यावर आपली मोहोर उठवेल, आणि तलवार किंवा चिलखत जसं एकाच्या पिशवीतून दुसऱ्याच्या पिशवीत जातं तसा तो कागदही विकता, विकत घेता, चोरता आणि जाळता येईल. चॅटचा आयटम म्हणा हवं तर.

हे मागण्याचा मला काय अधिकार, ते आधी सांगते. तीन वर्षं मी खेळातल्या एका गिल्डची, म्हणजे खेळाडूंच्या संघाची, खजिनदार होते. ती गिल्ड आता नाही. अकरा ओळींच्या एका स्क्रीनशॉटने ती मोडली.

त्या चित्रात माझं नाव होतं, समोर शत्रूच्या सेनापतीचं नाव होतं, आणि मी त्याला सांगत होते की रविवारी रात्री उत्तरेचं दार उघडं ठेवते, वाटा ठरल्याप्रमाणे. मी असं कधीच लिहिलं नव्हतं. फॉन्ट बरोबर होता, रंग बरोबर होते, वेळसुद्धा अशी निवडलेली की तेव्हा मी खरोखरच ऑनलाइन होते. चूक एकच होती. चित्रातली मी प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देत होते. चॅटमध्ये मी पूर्णविराम देत नाही, आमच्यातल्या कोणीच देत नाही. साठ माणसांपुढे मी हा बचाव मांडला, तर एकजण म्हणाला, "ताई, पकडली जाऊ नयेस म्हणून मुद्दाम दिला असशील." यावर काय बोलणार? तुमच्या मदत विभागाकडे गेले. उत्तर आलं, गोपनीयतेच्या धोरणामुळे चॅटच्या नोंदी कोणालाही देता येत नाहीत. उत्तर बरोबर होतं, हे मी रागातही मान्य केलं. उद्या दुसऱ्या कोणी माझ्या नोंदी मागितल्या तर तुम्ही हेच म्हणावं, अशी माझी अपेक्षा आहे. पण मी काय बोलले आणि काय बोलले नाही हे ठाऊक असलेलं एकच ठिकाण होतं, तुमचा सर्व्हर, आणि त्याला तोंड उघडायची परवानगी नव्हती. आठवड्याभरात गिल्डचे तीन तुकडे झाले.

मी काही फार सोवळी नाही. त्याच्या आदल्या वर्षी याच खजिन्यातून मी एका हेराला सोनं मोजून शत्रूच्या मंडळाच्या बैठकीचा लॉग, म्हणजे बोलण्याची नोंद, विकत घेतला होता. चाळीसेक ओळी, वेळेसकट. त्यात लिहिलं होतं की पश्चिमेच्या किल्ल्यावर पहारा नाही. आम्ही रात्री दोन वाजता माणसं उठवून चालून गेलो. पहारा होता, चांगला दुप्पट होता. तो लॉग कोणीतरी नोटपॅडमध्ये बसून लिहिलेला होता, आणि लेखक गुणी होता हे आजही म्हणेन, कारण प्रत्येकाची बोलायची ढब त्याने अचूक पकडली होती.

म्हणजे खोट्या चॅटने मला दोनदा बुडवलं, एकदा गिऱ्हाईक म्हणून आणि एकदा आरोपी म्हणून. दोन्ही वेळी रोग एकच होता. या जगात लाकडाच्या ओंडक्यालासुद्धा सर्व्हरवर ओळख क्रमांक आहे, तो कुठून आला आणि कोणाकडे गेला याची नोंद आहे. माणसाच्या शब्दाला मात्र काहीच नाही.

हा दोष फक्त आपल्याच खेळाचा नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये चॅटलॉगची आज्ञा दिली की तुमच्याच संगणकावर एक साधी मजकुराची फाइल तयार होते. ईव्ह ऑनलाइनही चॅटच्या नोंदी अशाच खेळाडूच्या फोल्डरमध्ये टाकतो. फाइल माझ्या घरात, माझ्या हातात. तिच्यात काय बदललं हे देवालाही कळायचं नाही. सेकंड लाइफमध्ये नोटकार्ड नावाची वस्तू आहे, ती हातोहात देता येते, पण तिच्यातला मजकूर कोणीही टाइप केलेला असू शकतो. आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय संभाषण वाटत फिरायला त्याच जगाच्या नियमावलीत मनाई आहे. म्हणजे वस्तू आहे पण भरवसा नाही, आणि भरवसा असता तर परवानगी नाही. या कोंडीकडे मी परत येणार आहे, कारण खरी अडचण तिथेच आहे.

आधी ज्यांनी अर्धी वाट चालून दाखवली त्यांच्याविषयी. माइनक्राफ्टमध्ये पुस्तक लिहून त्यावर सही करता येते. सही झाली की मजकूर गोठतो आणि लेखकाचं नाव वस्तूला चिकटतं. त्या पुस्तकाची नक्कल निघते, नकलेची नक्कल निघते, पण तिच्या पुढे निघत नाही; आणि हातातली प्रत अस्सल आहे की नक्कल, हे वस्तूवरच लिहिलेलं असतं. मुलांच्या खेळात अस्सल आणि नक्कल हा दप्तरखान्यातला भेद इतक्या सहज आणलेला पाहून मला त्या टीमचं फार कौतुक वाटलं. दुसरं उदाहरण ईव्हमधल्या किलमेलचं. कोणी कोणाचं जहाज पाडलं याची ती पावती. सुरुवातीच्या काळात ती साध्या पत्राच्या रूपात यायची, खेळाडू तो मजकूर उचलून आपापल्या विजयफलकांवर चिकटवायचे, आणि मजकूर म्हटला की खाडाखोड आलीच. पुढे ती नोंद थेट खेळाच्या सर्व्हरकडून पडताळून घेता येऊ लागली, तेव्हा फुशारकीला चाप बसला. लढाईच्या बाबतीत जे झालं ते बोलण्याच्या बाबतीत का होऊ नये, एवढंच माझं विचारणं आहे.

आता मुख्य शंका. कागद विकणाऱ्याने आधीच वाचलेला आहे, विकत घेणाराही वाचेल, मग कोणीही त्याचं चित्र काढून गावभर वाटेल. मग विकायला उरलं काय? अर्थशास्त्रात ही शंका जुनी आहे. केनेथ ॲरो यांनी 1962 साली माहितीच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं: माहिती काय लायकीची आहे हे पाहिल्याशिवाय गिऱ्हाईक पैसे देणार नाही, आणि एकदा पाहिली की ती त्याला फुकटच मिळालेली असते. आपल्याकडे याला झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हेरगिरीच्या बाजारात मी हे रोज पाहिलंय. हेर म्हणतो आधी सोनं, मी म्हणते आधी दोन ओळी दाखव. तो दोन ओळी दाखवतो, त्या दोन ओळींतच सगळं असतं, आणि मी हसून निघून जाते. किंवा मी आधी सोनं देते आणि रात्री दोन वाजता पश्चिमेच्या किल्ल्यावर तोंडघशी पडते.

मोहोरेचा कागद ही गाठ सोडवतो. मूठ झाकलेली ठेवून तिच्यावरचं लेबल तेवढं सर्व्हरने दाखवायचं: चॅटच्या कोणत्या दालनातलं बोलणं, कोणत्या दिवसाचं, किती ओळी, बोलणारे कितीजण, त्यांचं गिल्डमधलं तेव्हाचं पद काय. मजकूर नाही. एवढ्यावर भाव ठरू शकतो. शत्रूच्या मंडळाचं, कालच्या रात्रीचं, तीस ओळींचं बोलणं, बोलणारे चार सेनापती. मला आत काय आहे ते माहीत नाही, पण ते खरं आहे हे माहीत आहे, आणि सोनं मोजायला तेवढं पुरे.

चित्र काढून वाटणाऱ्यांचं काय? वाटू देत. चित्र आजही वाटलं जातं आणि आजही त्याने काही सिद्ध होत नाही, कारण ते बनवता येतं. कागद ज्याच्या हातात आहे त्यालाच, आणि तो ज्याच्यासमोर उघडून धरेल त्यालाच सर्व्हर 'अस्सल' म्हणेल. कागद विकला की विकणाऱ्याकडे आठवण उरेल, पुरावा जाईल. बाजारात जाते ती बातमी नव्हे, ती सिद्ध करण्याची ताकद. ही ताकद एका वेळी एकाच्याच हातात असू शकते, म्हणून ती वस्तू होऊ शकते. तुमच्या टीममध्ये कोणी "माहिती दुर्मीळ करता येत नाही" असा मुद्दा काढला, तर कृपया त्यांना हे वाक्य वाचून दाखवा.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते. एकाच बैठकीत चौघं बसले तर चौघंही आपापला कागद काढू शकतील. मग मी माझेच शब्द महागात परत घेऊन जाळले, आणि दुसऱ्या दिवशी तोच मजकूर तिसऱ्याच्या पिशवीतून निघाला, तर काय उपयोग? म्हणून प्रत्येक कागदावर लिहिलेलं हवं, या संभाषणाच्या आजवर किती मोहोरा निघाल्या आणि त्यातल्या किती शाबूत आहेत. आकडा जिवंत हवा, बदलता. चारातले तीन जळाले की चौथ्याचा भाव कुठे जाईल, याचा विचार करून व्यापारी म्हणून माझ्या तोंडाला पाणी सुटतं.

पण हेरांसाठीच हे सगळं हवंय असं समजू नका. माझ्या मते या कागदाचा सगळ्यात मोठा ग्राहक हेर नसेल, ज्याला आपल्या शब्दात अडकायचंच आहे असा माणूस असेल. आज आपल्या खेळात उधारी चालत नाही. "पुढच्या लढाईनंतर शंभर पिंप तेल देतो" याला कवडीची किंमत नाही, कारण उद्या तो "मी कुठे म्हणालो?" म्हणेल. नवखा, गरीब, प्रामाणिक खेळाडू यात सगळ्यात जास्त मार खातो, कारण त्याच्याकडे विश्वास मिळवायला प्रामाणिकपणाशिवाय काही नसतं आणि तो दाखवायची सोय नाही. मोहोरेचं दालन असेल तर तो म्हणेल, चला, तिथे बोलतो. ती ओळ मग हुंडीसारखी फिरेल. मी ती तुम्हाला विकेन, तुम्ही वसूल करा. त्याने शब्द मोडला तर कागद चौकातल्या खांबावर लावा, येणारा-जाणारा पाहील. तुम्ही त्यासाठी कर्जाची, व्याजाची, न्यायालयाची कोणतीही यंत्रणा बनवू नका, हात जोडून सांगते. कागद द्या, बाकी आम्ही करू. खेळाडूंनी स्वतः उभारलेल्या गोष्टी नेहमीच जास्त टिकल्यात.

मोहोरेने खोटेपणा संपेल असं मी म्हणत नाही. तो कष्टाचा होईल. शब्द बोलले गेले एवढंच मोहोर सांगते; ते मनापासून बोलले गेले, हे ती सांगू शकत नाही. दोन सेनापती ठरवून दालनात बसतील, उद्या उत्तरेवर चालून जायचं असं गंभीरपणे बोलतील, आणि ते बोलणं 'फुटेल' अशी व्यवस्था करतील. मला हे फार आवडेल. नोटपॅडमध्ये चाळीस ओळी लिहिणं ही लबाडी आहे; खरी माणसं, खरी पदं पणाला लावून नाटक वठवणं हा डाव आहे. असं नाटक वारंवार केलं तर त्या सेनापतींच्या कागदांचा भाव पडेल, म्हणजे खोटं बोलायलाही पत लागेल. त्या दिवशी पश्चिमेच्या किल्ल्यावर मी अशा नाटकाने फसले असते तर हरल्याचं दुःख झालं असतं, मूर्ख ठरल्याचं झालं नसतं.

आता ती कोंडी. बोलण्याचा पुरावा उरणं ही नेहमी चांगलीच गोष्ट असते असं नाही, आणि हे माझ्याआधी पुष्कळ हुशार लोकांच्या लक्षात आलंय. 2004 साली निकिता बोरिसॉव्ह, इयान गोल्डबर्ग आणि एरिक ब्रूअर यांनी 'ऑफ द रेकॉर्ड' नावाची संदेशपद्धत मांडली. तिचा हेतू असा की बोलताना समोरचा माणूस तोच आहे याची तुम्हाला खात्री असावी, पण नंतर कोणालाही तिसऱ्यापुढे ते सिद्ध करता येऊ नये. दोन मित्रांच्या गप्पांसारखं. उलट ईमेलचं पहा. डीकेआयएम नावाची सही आज बहुतेक पत्रांवर उठते, ती मुळात बनावट पत्रं आणि स्पॅम अडवण्यासाठी. पण तिचा परिणाम असा झाला की कित्येक वर्षांपूर्वीचं फुटलेलं पत्रही आज अस्सल म्हणून सिद्ध करता येतं, आणि पत्र लिहिणाऱ्याला हे कोणी विचारलेलं नसतं. क्रिप्टोग्राफर मॅथ्यू ग्रीन यांनी 2020 साली गूगलला जाहीर विनंती केली, की ही सही करण्याच्या जुन्या गुप्त किल्ल्या वेळोवेळी सरळ प्रसिद्ध करून टाका, म्हणजे ती सही कोणालाही करता येईल आणि तिने जुन्या चोरीच्या पत्रांना वजन येणार नाही. पुरावा नष्ट करा अशी मागणी एक सुरक्षातज्ज्ञ करतो, यावर थोडा वेळ थांबून विचार करावा असं मला वाटतं. मी केला, आणि माझ्या मागणीचा पहिला खर्डा फाडून टाकला. त्यात मी प्रत्येक ओळ मोहोरेची असावी असं लिहिलं होतं.

कारण आम्ही इथे फक्त किल्ले घेत नाही. रात्री एक वाजता खजिन्याचा हिशेब करता करता एका मुलीने मला तिच्या आईच्या आजारपणाबद्दल सांगितलंय. एकाने नोकरी गेल्याचं घरी सांगायच्या आधी आम्हाला सांगितलंय. त्या ओळींना भाव येता कामा नये. म्हणून व्हिस्परमधून, म्हणजे दोघांतल्या कुजबुजीतून, मित्रांच्या खाजगी चॅटमधून कागद निघूच नये, दोघांची संमती असली तरी. संमती मागता येते म्हटलं की संमतीसाठी दबावही आणता येतो, "लपवण्यासारखं नाही तर बटण दाब ना". मोहोर फक्त काही दालनांत असावी: गिल्डचं मंडळ, बाजाराचा कट्टा, तहाची बोलणी. आत शिरताना दिवा पेटलेला दिसावा, बोलणाऱ्याला प्रत्येक क्षणी कळावं की इथलं बोलणं कागदावर उतरू शकतं. अल्पवयीन म्हणून नोंद असलेल्या खात्याची एकही ओळ कुठल्याच कागदावर उतरू नये. आणि खेळातल्या सरायांमध्ये दिवा कधीच पेटू नये. सरायीतलं बोलणं वाऱ्यावर गेलंच पाहिजे.

मग सगळे कारस्थानी सरायीत बसतील, किंवा सरळ खेळाबाहेरच्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जातील, असं तुम्ही म्हणाल. आजही तिथेच आहेत हो. पण तिथे दिलेल्या शब्दाला किंमत नसेल, आणि ज्याला समोरच्याकडून काही पक्कं हवंय तो म्हणेल, दिव्याखाली ये. कोण दिव्याखाली यायला का-कू करतो, हीसुद्धा एक बातमीच.

शिवीगाळ आणि छळाच्या तक्रारी या बाजारापासून पूर्ण वेगळ्या ठेवा. ज्याला कोणी त्रास दिलाय त्याला पुरावा विकत घ्यावा लागणं, किंवा त्रास देणाऱ्याने आपल्याच ओळी चषकासारख्या भिंतीवर टांगणं, यापेक्षा हे वैशिष्ट्य न आलेलं बरं. तक्रार केलेली ओळ मोहोरेतून आपोआप बाद व्हावी. तक्रारीसाठी वेगळा मार्ग आधीच लोकांनी शोधलाय: फेसबुकने 2016 साली मेसेंजरच्या गुप्त संभाषणांसाठी अशी सोय केली की संदेश मिळालेला माणूस तक्रार करेल तेव्हाच, आणि फेसबुकपुरताच, तो संदेश अस्सल असल्याचं पडताळता येईल. जगापुढे नाही. तक्रारी तपासणाऱ्या मॉडरेटरपुढचा पुरावा आणि बाजारातला पुरावा या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. एकाच कोठारात ठेवू नका.

संदर्भ तोडण्याबद्दल मला जास्त बोलायचंय. 'ध'चा 'मा' करायला एक अक्षर लागतं, आणि मोहोरेने ते थांबेल. पण अक्षरही न बदलता माणसाला फासावर देता येतं. मी मंडळात एकदा थट्टेने लिहिलं होतं, "हो हो, उद्याच विकून टाकते सगळा खजिना". वरच्या दोन ओळी कापा, ही एकच ओळ मोहोरेसकट बाजारात आणा, आणि मी संपले. अस्सल असूनही. माइनक्राफ्टने 2022 च्या जून महिन्यात 1.19 आवृत्तीत चॅटच्या ओळींवर खेळाडूच्या किल्लीची सही आणली, आणि लगेच पुढच्या 1.19.1 मध्ये खेळाडूंची तक्रार करण्याची सोय आली. त्या वेळी खेळाडू खवळले ते बहुतांशी तक्रारींच्या धास्तीने, पण संदर्भ तोडून कोणाला अडकवता येईल हीही भीती होतीच. म्हणून ओळीच्या सहीत आधी दिसलेल्या ओळींचाही ठसा (मजकुरावरून काढलेला, एक अक्षर बदललं तरी बदलणारा आकडा) गुंफला गेला, म्हणजे मधली ओळ गाळली की साखळी तुटलेली दिसावी. आपल्याकडे याहून सोपं आहे: कागद सलग असावा, कागद काढणाऱ्याला मधली एकही ओळ स्वतःहून वगळता येऊ नये, पहिल्या निवडलेल्या ओळीच्या आधीच्या वीस ओळी सक्तीने सोबत याव्यात. वीस हा आकडा माझा अंदाज. थट्टा साधारण दहा ओळींच्या आत सुरू झालेली असते.

यासाठी ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली नोंदवही, आणू नका. 'पडताळता येणारी, विकता येणारी वस्तू' म्हटलं की कोणीतरी ते नाव काढणारच, म्हणून आधीच सांगते. स्टीमने 2021 च्या ऑक्टोबरमध्ये ब्लॉकचेनवर चालणारे खेळ आपल्या दुकानातून बंद केले, माइनक्राफ्टने 2022 च्या जुलैमध्ये एनएफटींना, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या मालकीच्या दाखल्यांना, दार लावलं. खेळाडू काय म्हणत होते ते तुम्हाला ठाऊक आहे. एकाच सर्व्हरवर चालणाऱ्या जगात न्यायाधीश आधीच बसलेला आहे, तो तुम्ही. ओळींचा 256 बिटांचा ठसा काढा, तुमच्या वहीत टिपा, कागदाला क्रमांक द्या. खऱ्या पैशांत या कागदाची विक्री मात्र कोणत्याही वाटेने होता कामा नये, नाहीतर खेळातली खंडणी खेळाबाहेर जाईल.

न्यायाधीशावर कोणी लक्ष ठेवायचं? रागावू नका, पण 2007 साली ईव्हमधल्या एका डेव्हलपरने आपल्याच गटाला दुर्मीळ ब्लूप्रिंट (खेळातल्या वस्तू बनवण्याचे आराखडे) मिळवून दिल्याचं उघड झालं होतं, आणि त्यानंतर तिथे खेळाडूंचं निवडलेलं मंडळ आलं. माणसं सगळीकडे माणसंच असतात. यावर एक जुना, स्वस्त उपाय आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी 1991 साली कागदपत्रांवर बदलता न येणारी वेळ उमटवण्याची रीत मांडली, आणि पुढे त्या रीतीने निघालेला एकत्रित ठसा दर आठवड्याला न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापला जाऊ लागला. एकदा वर्तमानपत्र घरोघर गेलं की मागे जाऊन नोंद बदलणं कोणाच्याच हातात राहिलं नाही, नोंद ठेवणाऱ्याच्याही. तुम्ही तसाच ठसा दर सोमवारी राजधानीच्या वेशीवर कोरून ठेवा. फार थोडे लोक तो पडताळतील. थोडे पुरतात.

नावांची लबाडी, म्हणजे दिसायला सारखी अक्षरं वापरून दुसऱ्याच्या नावाने बोलणं, खात्याच्या न बदलणाऱ्या क्रमांकाने सुटेल. वस्तू दुप्पट करण्याचे चोरमार्ग तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहेत. आवाजी चॅटला हात लावू नका.

शेवटचा मुद्दा शाईचा. कागद कायम टिकू नये. नव्वद दिवसांनी शाई उडावी, मोहोर तेवढी राहावी, आणि हातात कोरा कागद उरावा, ज्यावर फक्त लिहिलेलं असेल की इथे कोणे एके काळी चार सेनापतींचं बोलणं होतं. युरोपातल्या खेळाडूंना 2018 पासून लागू झालेल्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याच्या कलम 17 ने आपला डेटा पुसून मागण्याचा हक्क दिलाय, तेव्हा कायमच्या कागदाने तुमच्या वकिलांची झोप उडेलच. पण मला शाई वकिलांसाठी उडायला हवी नाही. रागाच्या भरात लिहिलेली ओळ तीन वर्षांनी समोर येऊ नये म्हणून हवी. आमच्यातले इतिहासकार यावर ओरडतील, आणि त्यांचं चूक नाही. त्यांच्यासाठी एक वाट ठेवा. त्या कागदावर ज्यांच्या ओळी आहेत त्या सगळ्यांनी मान्य केलं, तर तो गिल्डच्या दप्तरात जावा, तिथे शाई उडणार नाही आणि तिथून तो विकताही येणार नाही.

सुरुवातीला एकाच प्रांतात, एका ऋतूपुरतं करून पहा. बाजारातले कट्टे आधी, गिल्डची मंडळं नंतर. भाव काय ठरतो, किती कागद जळतात आणि किती चौकात लागतात, एवढे तीन आकडे जाहीर करत राहिलात तरी आम्ही काय ते समजून घेऊ.

तुमची,
एका मोडलेल्या गिल्डची जुनी खजिनदार

ता. क. तो अकरा ओळींचा स्क्रीनशॉट मी जपून ठेवलाय. चाचणीसाठी बनावट नमुना लागला तर कळवा. पूर्णविरामांसकट पाठवेन.